जर्सीवरचे संघाचे नाव की पाठीवरचा आकडा?

न्यूटनकर:
दुसऱ्या एका धाग्यावर ‘संधिप्रकाश’ यांनी लिहिले आहे की खेळाडू येतात आणि जातात, खऱ्या चाहत्याने प्रेम संघावर करावे, आणि बॉस्टनच्या रेड सॉक्स या बेसबॉल संघातून गेलेल्या मुकी बेट्ससाठी अजूनही हळहळणारे बॉस्टनकर भाबडे आहेत. हे वाचून गप्प बसवले नाही. ज्याने २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला हरवून आपल्याला अजिंक्यपद मिळवून दिले, त्याच वर्षी जो अमेरिकन लीग या आपल्या गटाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याला रेड सॉक्सने फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच डॉजर्सच्या हवाली केले. त्यांनी त्याच्याशी १२ वर्षांचा, ३६.५ कोटी डॉलरचा करार केला आणि त्याच वर्षी अजिंक्यपदही पटकावले. पुढे दहा वर्षांच्या करारात बांधलेल्या रफाएल डेव्हर्सलाही जून २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला धाडण्यात आले. मग मी प्रेम करायचे तरी कशावर? फेनवे या आपल्या मैदानाच्या हिरव्या भिंतीवर?

संधिप्रकाश:
होय, भिंतीवरच करा. १९१२ पासून ती कोणाला सोडून गेलेली नाही. ३१ जुलै २००४ रोजी आपल्या लाडक्या खेळाडूला, नोमार गार्सियापाराला, शिकागोला पाठवले, तेव्हा आमच्या कार्यालयात सुतक पडल्यासारखी अवकळा होती. तीन महिन्यांच्या आत अजिंक्यपदाचा ८६ वर्षांचा दुष्काळ संपला आणि तीच मंडळी रस्त्यावर नाचत होती. शिवाय घरच्या मैदानावर आपल्या जर्सीच्या पाठीवर खेळाडूचे नावच नसते, हे आपण सोयीस्करपणे विसरलात.

बॅकफूट:
नाव नसते, पण आकडा असतो, आणि तो ओळखता येतो तोच चाहता. २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिक पांड्याची हुर्यो उडवणारे मुंबईचेच पाठीराखे होते, कारण रोहितचे कर्णधारपद काढून घेतलेले त्यांना रुचले नव्हते. त्यांनाही भाबडे म्हणणार का?

संधिप्रकाश:
लिलावातून २००८ मध्ये उभ्या राहिलेल्या संघाची तुलना १९०१ पासून खेळणाऱ्या संघाशी करू नये.

बॅकफूट:
जुनेपणाचा हा तोरा आवरा. तुमच्या या जुन्या संघाने बेब रूथ या महान खेळाडूला यांकीज या न्यूयॉर्कच्या प्रतिस्पर्धी संघाला रोख पैशासाठीच विकले होते; म्हणजे विक्रीची परंपराही जवळजवळ तितकीच जुनी आहे. आणि डोंबिवलीत वाढलेल्या माणसाने फेनवेच्या परंपरेचे धडे आम्हाला द्यावेत, हेही नवलच.

संधिप्रकाश:
डोंबिवली काढण्याचे कारण नव्हते. या शहरात मी पंचवीस वर्षे कर भरतो आणि बर्फ उपसतो. घरचा संघ कोणता, हे आता मला विचारून ठरेल.

वाटेवरची:
भांडण थांबवून एक ऐका. २०१८ च्या उन्हाळ्यात माझ्या बाळंतपणासाठी आई सांगलीहून आली होती. बेसबॉलचा एकही नियम तिला कळत नव्हता, परंतु रोज संध्याकाळी बाळाला मांडीवर घेऊन ती टीव्हीसमोर बसे आणि ५० आकड्याचा मुलगा, म्हणजे बेट्स, खेळायला आला की मला स्वयंपाकघरातून हाक मारी. परत गेल्यावरही फोनवर ‘आपला पन्नास नंबर कसा आहे?’ ही चौकशी नातवाच्या पाठोपाठ असेच. तो आता दुसऱ्या गावाच्या संघात गेला असे सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, ‘का गं, त्याचं काय चुकलं?’ संधिप्रकाश, तिला मी काय सांगायला हवे होते?

संधिप्रकाश:
आपल्या मातोश्रींपुढे माझा नाइलाज आहे. तो ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) वाईट होता, हे एकदाचे मान्य करतो. मोबदल्यात आलेल्या वर्दुगोला तर आपण पुढे यांकीजच्याच घरी पोहोचवले. परंतु न्यूटनकरांनी एक सांगावे: एवढे प्रेम असेल, तर ते डॉजर्सचे चाहते का झाले नाहीत?

न्यूटनकर:
प्रश्न खोचक आहे, तरी उत्तर देतो. डॉजर्सचे घरचे सामने आपल्याकडे बॉस्टनला रात्री दहानंतर सुरू होतात. बेट्सची पहिली फलंदाजी पाहीपर्यंत मी जागा राहतो. त्याने चेंडू भिंतीपलीकडे मारावा आणि त्याचा संघ मात्र सणसणीत हरावा, असे मनात म्हणून टीव्ही बंद करतो.