मदत हवी आहे: इप्सविच गावातले दोन जॉन, आमचा कोणता?

नमस्कार मंडळी,

माझ्या सासूबाई अमेरिकन, वय ८४. त्यांचं माहेर मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविचचं. गाव वसलं १६३३ साली. आपलं मूळ कुठवर जातं ते हातपाय चालताहेत तोवर कळावं, ही त्यांची फार इच्छा आहे. आठ महिने मी त्याच्या मागे लागले आहे.

१७९० च्या पहिल्या जनगणनेत त्यांचा पूर्वज जॉन सापडला. तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकी माणसं नुसत्या आकड्यांत. बायको हन्ना, हे त्याच्या थडग्यावरून कळलं.

त्याआधीच्या चर्चच्या नोंदींत एका जॉनचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३१ चा आणि त्याच आईबापांच्या मुलीचा एप्रिल १७३१ चा! दोन दिवस डोकं धरून बसले. मग उलगडा झाला: १७५२ पर्यंत इंग्रजांच्या वसाहतींत नवं साल २५ मार्चला लागायचं, आपलं पाडव्याला लागतं तसं. म्हणजे तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने १७३२ चा, आणि मुलगीच थोरली.

खरी अडचण पुढे आहे. १७६० च्या सुमारास गावात त्याच नावा-आडनावाचे दोघं, एक 'सीनियर', एक 'ज्युनियर'. इंटरनेटवरच्या वंशावळींत ते बापलेक आहेत, पण पुरावा कुणीच दिलेला नाही, एकाचं पाहून दुसऱ्याने उतरवलंय. उलट सीनियरच्या मृत्युपत्रात ज्युनियरला 'कझिन' म्हटलंय. पोटच्या मुलाला असं कोण म्हणेल? आपल्या त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांसारख्या वह्या तिकडे नाहीत हो. अजून कुठे शोधू?

प्रतिसाद: ताई, तेव्हा ज्युनियर म्हणजे गावातला त्या नावाचा वयाने लहान माणूस, मुलगाच असं नाही. आणि 'कझिन' पुतण्या-भाच्यालाही म्हणत. जमिनीची खरेदीखतं बघा. तिथली खतं काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे असतात, तुमची सेलम गावी. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर फुकट दिसतात. नावापुढे धंदा लिहिलेला असतो. तेव्हा जमीन विकताना बायको तिच्यावरचा आपला हक्क सोडायची, तिची सही शोधा.

धागाकर्ती: मनापासून आभार! काल रात्री १७६४ चं खत मिळालं. ज्युनियर 'कॉर्डवेनर', म्हणजे जोडे शिवणारा. खाली हन्नाची सही नाही, शाईची वाकडी फुली आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने तिचं नाव लिहिलंय. म्हणजे आमचा जॉन हा ज्युनियरच. आता सीनियरच्या भावांची मृत्युपत्रं काढते. जुनी अक्षरं वाचता येणारं कुणी आहे का इथे?