खाटदिवस वाचले, पण खर्च कुणाच्या घरी गेला?

चौकटीबाहेर (धागाकर्ता)
परवा एकांनी लिहिलं होतं, "आरोग्य अर्थशास्त्र म्हणजे जिवाला भाव लावणं, धोरण ठरवताना त्याला थाराच देऊ नका." वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. निधी ठरलेला असतो. एका महागड्या औषधाला होकार दिला की कुठेतरी एखादी नर्स कमी होते, एखाद्याची फिजिओथेरपी बंद पडते. तो रुग्ण बातमीत येत नाही, एवढंच. ब्रिटनच्या नाइसने, म्हणजे कुठल्या उपचारावर सरकारी पैसा खर्च करावा ते सांगणाऱ्या संस्थेने, एका क्वालीमागे (पूर्ण तब्येतीत जगलेल्या एका वर्षाइतका फायदा) २०,००० ते ३०,००० पौंड ही मर्यादा वर्षानुवर्षं वापरली. २०१५ मध्ये अर्थतज्ज्ञ क्लॅक्स्टन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी सेवेचा खर्च तपासला, तर एक क्वाली सुमारे १३,००० पौंडांत मिळत होती. म्हणजे ३०,००० ला होकार देताना जितकं आयुष्य मिळालं, त्याहून जास्त दुसऱ्या कुणाचं तरी गेलं. हा हिशेब टाळण्यात कसली माणुसकी?

रात्रपाळी
पूर्ण असहमत. तुमच्या क्वालीचा पाया काय, तर ईक्यू-५डी या तब्येत मोजायच्या प्रश्नावलीचे पाच प्रश्न: चालणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, दुखणं, चिंता-नैराश्य. व्हीलचेअरवर समाधानाने जगणाऱ्याचं वर्ष आधीच कमी धरायचं, मग त्याचा जीव वाचवण्याचा फायदाही आपोआप कमी दिसतो. अमेरिकेने २०१० च्या कायद्यात मेडिकेअरला (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) अशी मर्यादा लावायला मनाई केली, ती याच भीतीने.

चौकटीबाहेर
मनाई केल्याने निधी वाढला का? निवड तर तिथेही होतेच, फक्त कुठल्या निकषावर ते कळत नाही.

उंबरठा
तुम्ही दोघंही रुग्णालयाच्या दारापर्यंतच बोलताय. वडिलांना पक्षाघात झाला, 'लवकर घरी' योजनेत त्यांना सोडलं. रुग्णालयाच्या अहवालात खाटदिवस, म्हणजे रुग्णाने खाट अडवलेले दिवस, वाचले. घरी नळीने भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, रात्रीचं जागरण माझ्याकडे आलं. नोकरी सोडावी लागली. हे कुठल्या रकान्यात लिहिलंय?

चौकटीबाहेर
तो पद्धतीचा दोष नाही. हिशेब कुणाच्या बाजूने मांडला, हा प्रश्न आहे. असे खर्च-फायद्याचे अभ्यास कसे करावेत हे ठरवणाऱ्या १९९६ च्या अमेरिकी तज्ज्ञ पॅनेलने अख्ख्या समाजाच्या बाजूने मांडा असं सांगितलं. २०१६ च्या दुसऱ्या पॅनेलने आरोग्यसेवेचा आणि समाजाचा असे दोन्ही हिशेब द्यायला सांगितले.

उंबरठा
सांगितलं, आणि केलं किती जणांनी? बरं, माझा तास मोजणार कशाने? सोडलेल्या पगाराने? मग जिला पगारच नव्हता तिची सेवा फुकट ठरली.

ताळेबंद
भावना समजतात. पण नोकरी सोडणं ही शेवटी तुमची निवड. प्रत्येकाच्या घरचं दुःख तक्त्यात घालायचं तर एकही अभ्यास पुरा होणार नाही.

उंबरठा
निवड? खाट रिकामी करा म्हणून सांगितलं होतं. घरी दुसरं कुणी नव्हतं. निवड हा शब्द मागे घ्या.

रात्रपाळी
ताळेबंद, वॉर्डात एक रात्र काढा आणि मग बोला. अंगावर जखमा होऊन परत दाखल झालेले रुग्ण आम्ही बघतो. ते दुसऱ्या विभागात आले की पहिल्या विभागाची बचत तशीच कागदावर राहते. चौकटीबाहेर, क्वालीबद्दल माझं मत तेच आहे. पण हे निदान मोजायला हवं, आणि मोजायची पद्धत तुमच्याचकडे आहे, इतकं नाइलाजाने मान्य.

ताळेबंद
निवड हा शब्द चुकीच्या ठिकाणी पडला असेल. तासांना भाव लावण्यावर एकमत नाही, हा माझा मुद्दा मात्र राहतो.

चौकटीबाहेर
तेच काम पगारी मदतनिसाकडून करून घ्यायला जे लागेल, तो दर धरता येतो. त्यात बिनपगारी बाईचा तास फुकट ठरत नाही. घरच्यांचे तास धरल्याशिवाय 'बचत झाली' असा निष्कर्ष काढू नये, इथपर्यंत मी येतो. क्वाली मोडीत काढा म्हणाल तर नाही.

उंबरठा
मग रुग्ण घरी गेल्यावर तीस दिवसांवर मोजणं थांबवू नका. किमान वर्षभर मोजा, आणि ते पाच प्रश्न सांभाळणाऱ्यालाही विचारा.