ब्रिटनमध्ये एन्झायटीसाठी मेडिकल कॅनबिस: कायदेशीर प्रिस्क्रिप्शन नेमकं कसं मिळतं?

शांतपाणी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, वय ३४, जनरलाइज्ड एन्झायटीचं (सततच्या चिंतेच्या विकाराचं) निदान असलेल्या माणसासाठी विचारतोय. सर्ट्रालीन (एन्झायटीवरची गोळी) १०० मिग्रॅपर्यंत नेऊन झालं, एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) टॉकिंग थेरपीजमधून सीबीटीही (विचार आणि वागण्यावर काम करणारी समुपदेशन थेरपी) पूर्ण झाली. थोडा फरक पडला, पण झोप आणि धडधड तशीच आहे. त्याआधी भारतात काही महिने एसिटालोप्राम (तशीच दुसरी गोळी) चालू होतं, त्याची इथे कुठेच नोंद नाही. जीपी (फॅमिली डॉक्टर) म्हणतात, कॅनबिस, म्हणजे गांजाच्या झाडापासून बनवलेलं औषध, लिहून देणं माझ्या हातात नाही.

रेफरल लागतो का? कोणते कागद जमवायचे? नकार कशावरून येतो? आणि हे औषध चालू असताना गाडी चालवता येते का? जाहिराती वाचून काही कळत नाही, म्हणून इथे विचारतोय.

---

गुलाबीफॉर्म:

जीपी बरोबर बोलले. १ नोव्हेंबर २०१८ पासून ब्रिटनमध्ये डॉक्टरांना कॅनबिसची औषधं लिहून देता येतात, पण सुरुवात फक्त जनरल मेडिकल कौन्सिलच्या (डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या) स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव असलेल्या डॉक्टरनेच करायची असा नियम आहे. एन्झायटीसाठी म्हणजे बहुतेक वेळा मानसोपचारतज्ज्ञ. एनएचएसवर एन्झायटीसाठी हे मिळेल अशी आशा धरू नका. नाइसच्या (कोणता उपचार द्यावा हे एनएचएसला सुचवणाऱ्या संस्थेच्या) नोव्हेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मळमळ, जुनाट वेदना, स्नायूंचा ताठरपणा आणि औषधांना दाद न देणारा अपस्मार, एवढेच विषय आहेत. एन्झायटी त्यात नाही. म्हणून वाट खाजगी क्लिनिकची.

तिथे जायला रेफरल लागत नाही. स्वतः अर्ज करता येतो. पण अर्जाचं भवितव्य मुलाखतीपेक्षा कागदांवर जास्त ठरतं, म्हणून आधी त्यांचंच काम करा.

जीपी सर्जरीकडून तुमच्या मेडिकल रेकॉर्डचा सारांश मागवा. स्वतःची माहिती मागण्याचा तुमचा कायदेशीर हक्क आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि कारणही सांगावं लागत नाही. हातात आला की ओळ न् ओळ वाचा. निदानाच्या रकान्यात 'एन्झायटी' असं स्पष्ट आहे की नुसतं 'स्ट्रेस अॅट वर्क' लिहिलंय? दुसरं असेल तर क्लिनिक अर्ज परत पाठवतं. निदान झालेलं असूनही नोंदीत नसेल, तर अर्जाआधी जीपींकडून दुरुस्ती करून घ्या.

मग औषधं. क्लिनिकं साधारणपणे दोन मान्यताप्राप्त उपचार करून झालेत का ते बघतात. दोन गोळ्या, किंवा एक गोळी आणि एक थेरपी, असं चालतं. पण 'करून झाले' याचा अर्थ पुरेसा डोस, पुरेसे आठवडे. सर्ट्रालीन दहा दिवसांत बंद केलं असेल तर त्याला उपचार फसला असं कोणी म्हणणार नाही. तुमच्याकडे १०० मिग्रॅची नोंद आहे, ती बळकट बाजू आहे. थेरपी मात्र जीपीच्या सारांशात बऱ्याचदा दिसतच नाही. टॉकिंग थेरपीज संपली की एक डिस्चार्ज लेटर येतं. ते शोधा, नसेल तर त्या सेवेकडून पुन्हा मागवा.

भारतातल्या एसिटालोप्रामचं असं करा: जुन्या चिठ्ठ्या आणि बिलं स्कॅन करून सर्जरीला द्या आणि नोंद घ्यायला सांगा. भारतातलं ब्रँडचं नाव इथे कोणाला कळत नाही, म्हणून प्रत्येक चिठ्ठीशेजारी जेनेरिक नाव, डोस आणि तारखा टाइप करून द्या. चिठ्ठी मराठीत किंवा हिंदीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा.

नकाराची नेहमीची कारणं: स्वतःला किंवा आई-वडील, भावंडांपैकी कोणाला स्किझोफ्रेनिया वा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), स्वतःला बायपोलर, अस्थिर हृदयविकार, गर्भारपण किंवा अंगावर पाजणं, चालू असलेलं व्यसन. यातलं काहीही लपवू नका. टीएचसीने (कॅनबिसमधल्या नशा आणणाऱ्या द्रव्याने) सायकोसिसला चालना मिळू शकते. हा प्रश्न फॉर्मवर औपचारिकता म्हणून ठेवलेला नाही.

क्लिनिक निवडताना दोन गोष्टी स्वतः तपासा. इंग्लंडमध्ये क्लिनिकची नोंदणी केअर क्वालिटी कमिशनकडे (आरोग्यसेवांच्या नियामकाकडे) असते आणि ती ऑनलाइन दिसते. डॉक्टरांचं नाव जनरल मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर टाकलं की ते स्पेशालिस्ट रजिस्टरवर आहेत का तेही कळतं. पैसे भरण्याआधी पाच मिनिटं यात घालवा. पैसे देऊन मिळणारं 'पेशंट कार्ड' हे प्रिस्क्रिप्शन नव्हे, त्याने बाजारातला गांजा कायदेशीर होत नाही. घरी झाड लावणं तर प्रिस्क्रिप्शन असूनही गुन्हाच.

---

फार्मसीमागे:

वरचं सगळं बरोबर. त्यापुढे अडतं ते चिठ्ठीवर, म्हणून त्याबद्दल.

बहुतेक क्लिनिकांत डॉक्टरांचा निर्णय आणखी तज्ज्ञांच्या पॅनेलपुढे जातो, म्हणून व्हिडिओ कॉलवर 'हो' ऐकलं तरी दुसऱ्या दिवशी औषध दारात येईल असं समजू नका. ही शेड्यूल दोनमधली, म्हणजे कायद्याने कडक नियंत्रण असलेल्या यादीतली औषधं. इंग्लंडमध्ये खाजगी चिठ्ठी गुलाबी छापील फॉर्मवर लिहितात आणि ती तारखेपासून २८ दिवसच चालते. एका चिठ्ठीत साधारण ३० दिवसांपुरतंच औषध द्यावं अशी सूचना आहे, त्यामुळे दर महिन्याला हे चक्र फिरणार हे धरूनच चला.

उशीर होण्याचं सगळ्यांत मोठं कारण साठा. चिठ्ठीवर लिहिलेलं तेल किंवा फूल संपलं असेल तर फार्मासिस्टला त्याच ताकदीचं दुसरं देता येत नाही, डॉक्टरांची नवी चिठ्ठीच लागते. म्हणून चिठ्ठी निघण्याआधी क्लिनिकला विचारा की हे उत्पादन फार्मसीत आत्ता आहे का. आणि घरात आठवडाभराचं औषध उरलेलं असतानाच पुढची मागणी नोंदवा.

खर्चाचा हिशेब करताना औषधाची किंमत एकटी बघू नका. पहिली भेट, फॉलो-अपच्या भेटी, काही ठिकाणी प्रत्येक चिठ्ठीचं शुल्क आणि पाठवणीचा खर्च, असं सगळं मिळून महिन्याचा आकडा काढा. तो वर्षभर झेपणार नसेल तर सुरुवातच करू नका. मध्येच बंद पडलं की झोप उडते, चिडचिड वाढते आणि मूळ एन्झायटी वाढलीय असं वाटायला लागतं.

दुकानात मिळणारं सीबीडी (कॅनबिसमधलं नशा न आणणारं द्रव्य) तेल आणि हे औषध एकच, असा गैरसमज दिसतो. दुकानातलं तेल अन्नपदार्थ म्हणून विकतात. फूड स्टँडर्ड्स एजन्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला १० मिग्रॅची मर्यादा सुचवली. भाषण करायला लावून केलेल्या, एन्झायटीवरच्या एका प्रयोगात सीबीडीचा एका वेळचा ३०० मिग्रॅ डोस उपयोगी दिसला. त्याच प्रयोगात १५० आणि ६०० मिग्रॅ मात्र उपयोगी दिसले नाहीत. दुकानातल्या चार थेंबांनी काही झालं नाही, यावरून औषधाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

---

थेंबमापक:

डोसबद्दल लिहितो, कारण एन्झायटीत नुकसान इथेच होतं. टीएचसी कमी मात्रेत शांत करतं आणि जास्त मात्रेत घबराट वाढवतं, हा उलटा स्वभाव पक्का लक्षात ठेवा. शिवाय ते नाडी वाढवतं. ज्याला धडधडीचीच भीती आहे, त्याला ती वाढलेली नाडी पॅनिक अॅटॅकसारखी वाटते आणि मग खरोखरच अॅटॅक येतो. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टरांना 'धडधड हा माझा मुख्य त्रास आहे' हे सांगायलाच हवं. त्यावरून सीबीडी जास्त असलेलं तेल आधी द्यायचं की समतोल, हे ते ठरवतील.

लेबल वाचायला शिका. तेलाच्या बाटलीवर टीएचसी १० मिग्रॅ/मिली आणि सीबीडी १० मिग्रॅ/मिली असेल तर ०.१ मिली म्हणजे दोन्ही १-१ मिग्रॅ. थेंब मोजू नका, थेंबाचा आकार बदलतो. १ मिलीची तोंडाने द्यायची सिरिंज वापरा आणि डोळ्यांच्या पातळीला धरून रेघ बघा. सुरुवात टीएचसीच्या १ ते २.५ मिग्रॅने, रात्री, घरी असताना करतात. दोन-तीन दिवस तोच डोस, मग डॉक्टरांनी सांगितलेल्या पायरीने वाढ. वाढवताना वहीत वेळ, मिली, जेवणाआधी की नंतर, आणि दोन तासांनी कसं वाटलं ते लिहा. तूप-लोणी असलेल्या जेवणाबरोबर तेल जास्त शोषलं जातं. रोजची वेळ आणि जेवण बदलत राहिलं तर तोच डोस वेगळा लागतो आणि वहीचा उपयोग राहत नाही.

सगळ्यांत जास्त घडणारी चूक अशी: तेल घेतलं, चाळीस मिनिटांत काही जाणवलं नाही, म्हणून पुन्हा घेतलं. तोंडाने घेतलेलं लागू व्हायला ३० ते ९० मिनिटं, कधी दोन तासही लागतात, आणि असर सहा ते आठ तास टिकतो. दोन्ही डोस एकदम चढले की ती रात्र फार वाईट जाते. त्या दिवशी दुसरा डोस नाही म्हणजे नाही.

फूल व्हेपोरायझरमधूनच (न पेटवता गरम करून वाफ देणाऱ्या यंत्रातूनच) घ्यायचं. ओढण्यासाठी पेटवणं कायद्यानेच बंद आहे, प्रिस्क्रिप्शन असलं तरी. १८ टक्के टीएचसीच्या ०.०५ ग्रॅम फुलात ९ मिग्रॅ टीएचसी असतं, सगळं रक्तात जात नाही, तरी नवख्याला ते पुष्कळ आहे. १८० अंशांच्या आसपास ठेवा, एक झुरका, मग पंधरा मिनिटं थांबा. काही मिनिटांतच लागू होतं आणि दोन ते चार तासांत उतरतं. लवकर लागतं म्हणून दिवसभर परत परत हात जातो, त्यामुळे केवळ फुलावर सुरुवात करणं एन्झायटीसाठी चांगलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

चालू गोळ्यांची पूर्ण यादी द्या. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमांवर बसतं, त्यांतलं एक एसिटालोप्राम आणि सिटालोप्राम मोडतं, त्यामुळे त्यांचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. वॉरफरिन असेल तर रक्ततपासणी वाढवावी लागते. प्रीगाबालिन किंवा डायझेपामबरोबर गुंगी वाढते. आणि कॅनबिस सुरू झालं म्हणून सर्ट्रालीन एकदम बंद करायचं नाही.

---

शांतपाणी:

मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या: गाडी, आणि दिवाळीला भारतात जाताना औषधाचं काय?

---

गुलाबीफॉर्म:

गाडी: रक्तात टीएचसीची कायदेशीर मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, ती खूपच खालची. औषध डॉक्टरांनी दिलंय आणि सांगितल्याप्रमाणेच घेतलंय, हा बचाव १९८८ च्या रोड ट्रॅफिक कायद्याच्या कलम ५ए मध्ये आहे. पण गुंगीत चालवली तर कलम ४ लागतं आणि तिथे प्रिस्क्रिप्शन कामाला येत नाही. सुरुवातीचे दिवस आणि प्रत्येक डोसवाढीनंतरचे दिवस गाडी पूर्ण बंद ठेवा. रस्त्यावरची लाळेची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून चिठ्ठीची प्रत आणि फार्मसीचं लेबल असलेला मूळ डबा जवळ असू द्या. एन्झायटी किंवा औषध यांचा चालवण्यावर परिणाम होत असेल तर डीव्हीएलएला (वाहन परवाना देणाऱ्या खात्याला) कळवावं लागतं. न कळवल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड आहे.

भारत: नेऊ नका. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात झाडाचे फुलोरे म्हणजे सरळ गांजा, आणि ब्रिटनची चिठ्ठी तिथे परवाना ठरत नाही. दुबईमार्गे जाणाऱ्यांनी तर बॅगेतल्या रिकाम्या डब्याचीही काळजी करावी. प्रवासाच्या महिनाभर आधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे डोस हळूहळू उतरवून त्या काळासाठी दुसरं औषध ठरवता येईल.

उलट दिशेचाही प्रश्न येतो: भारतात आयुर्वेदिक औषध म्हणून चिठ्ठीवर मिळणारं विजयाचं (आयुर्वेदात भांगेला म्हणतात) तेल इथे आणता येईल का? टीएचसी असलेलं काहीही इथल्या प्रिस्क्रिप्शनशिवाय आणलं तर ते नियंत्रित द्रव्याची बेकायदा आयात ठरू शकते, बाटलीवर कुठलाही शिक्का असो.

---

फार्मसीमागे:

भारतात जाण्याआधी घरात जे उरेल ते कुलूपबंद पेटीत ठेवा, लहान मुलं घरात असोत वा नसोत. नको असलेलं तेल-फूल कचऱ्यात किंवा बेसिनमध्ये टाकायचं नाही, कुठल्याही फार्मसीत परत द्यायचं. आणि नोकरीच्या ठिकाणी ड्रग टेस्ट होत असेल तर ती व्हायच्या आत ऑक्युपेशनल हेल्थकडे (कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विभागाकडे) क्लिनिकचं पत्र लेखी देऊन ठेवा. चाचणीनंतर दिलेल्या पत्राला तेवढं वजन राहत नाही.