गाड्यांच्या फोटोंसाठी पहिला कॅमेरा, बजेट ४० हजार (आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

बी-३०४ देशमुख वहिनी: नमस्कार मंडळी. कॅमेऱ्यातलं कोणाला कळतं का? ओंकार ऑटोमोबाइल डिप्लोमाला आहे, गाड्यांचे फोटो काढायचा भयंकर नाद. ४० हजारांत सगळं बसवायचंय, वर एक रुपया नाही. दुकानदार कॅननचा १५००डी घ्या म्हणतोय, लेन्ससकट चाळिशीच्या आसपास. घेऊन टाकू का?

ए-१०२ पाटील: वहिनी, मोबाइलवर होतं की सगळं आजकाल. एवढे पैसे कशाला घालताय?

सी-७०१ गोखले काका: पाटील साहेब, मोबाइलने फोटो येतो, पण गाडीचा आकार बिघडतो. बहुतेक मोबाइलची मुख्य लेन्स २४ ते २६ मिमीच्या तोडीची, म्हणजे वाइड, रुंद दृश्य घेणारी. गाडी फ्रेममध्ये भरायला आपण जवळ जातो आणि पुढचा बंपर फुगतो, मागचा भाग आखडतो. मी जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी फोटो काढतो. मोबाइलवर जवळून काढलेले फोटो बघून आलेलं गिऱ्हाईक प्रत्यक्ष गाडी बघून म्हणतं, फोटोत वेगळी दिसत होती. ओंकार, आत्ता खाली जा, गाडीपासून दहा-बारा पावलं मागे हो आणि २एक्सवर काढ.

ओंकार: काका, काढला. पुढचं चाक आता गोल दिसतंय, आधी लांबुळकं यायचं 😮

सी-७०१ गोखले काका: शाब्बास. म्हणून आधी लेन्सचा विचार करायचा, कॅमेऱ्याच्या बॉडीचा नंतर. कॅननच्या या कॅमेऱ्यांत सेन्सर लहान असतो, १.६ पटीचा हिशोब. ५० मिमीची लेन्स तिथे ८० मिमीसारखी वागते. गाडीला ती फार छान. मागे सरकायला जागा मात्र हवी, आपल्या पार्किंगमध्ये ती जागा नाही, प्राधिकरणातल्या रुंद रस्त्यांवर सकाळी मिळते. आतला डॅशबोर्ड वगैरे घ्यायला कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ किट लेन्स पुरते.

डी-२०३ साळवी: १५००डीसारखे आत आरसा असलेले डीएसएलआर आता कोण घेतं? बिनआरशाचा मिररलेस घ्या, कॅननचाच आर१०० बघा.

सी-७०१ गोखले काका: साळवी साहेब, फोटो चांगलाच येईल त्यात, प्रश्न स्क्रीनचा आहे. गाडीचा फोटो हेडलाइटच्या उंचीवरून काढला की गाडी रुबाबदार दिसते, कधी कधी त्याच्याही खालून. १५००डी आणि आर१००, दोन्हींचा स्क्रीन पाठीला घट्ट बसवलेला. म्हणजे पोराने दर फोटोला डांबरावर पालथं पडायचं. आर५०चा स्क्रीन बाहेर उघडतो, तोच सर्वांत उत्तम, पण ४० हजारांत नवा बसत नाही. माझं मत विचाराल तर सेकंडहँड कॅनन २००डी. २०१७ सालचा, २४ मेगापिक्सेल. स्क्रीन उघडून हवा तसा फिरतो आणि बोट लावाल तिथे झटकन फोकस होतो. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून नुसतं उकिडवं बसायचं. उरलेले पैसे लेन्सला आणि फिल्टरला. पुढे मिररलेस घेतलाच तरी या लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून चालतात, वाया जात नाहीत.

बी-३०४ देशमुख वहिनी: काका, फिल्टर कसला? दुकानदाराने काही सांगितलं नाही.

सी-७०१ गोखले काका: वहिनी, हे जरा सविस्तर लिहितो, कारण गाडीच्या फोटोत खरी मेख इथेच आहे.

गाडी म्हणजे चाकांवरचा आरसा. दारात समोरची बिल्डिंग दिसते, बॉनेटवर विजेच्या तारा, काचेत झाड आणि फोटो काढणारा स्वतः. पोलरायझर, दुकानात सीपीएल म्हणतात, लेन्सपुढे लावून त्याची रिंग हळूहळू फिरवायची. एका जागी आल्यावर विंडस्क्रीनवरचं आकाश विरघळतं आणि आतलं स्टिअरिंग दिसायला लागतं. पेंटचा खरा रंगही वर येतो. काच आणि पेंटवरचा वरचा थर यांच्याकडे तिरकं उभं राहून बघितलं तरच परिणाम जास्त, अगदी समोरून फारसा नाही. क्रोमवर चालत नाही, धातूचं प्रतिबिंब तसंच राहतं.

ओंकार, एक लक्षात ठेव. रिंग फिरवून सगळीच चमक मारू नकोस, गाडी चपटी आणि प्लास्टिकसारखी दिसते. आणि एका जागी काच साफ होते तेव्हा दारावरची चमक तशीच राहते. मी स्टँडवर कॅमेरा तसाच ठेवून दोन फोटो घेतो, एक काचेसाठी आणि एक दारांसाठी, मग कॉम्प्युटरवर जोडतो. मागच्या काचेवर कधी गडद ठिपके दिसतील. ते काच कडक करताना तिच्यात राहिलेले ताण आहेत, फिल्टर खराब नाही. फिल्टरने उजेड दीड-दोन स्टॉप कमी होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, म्हणून स्टँड हवाच.

किट लेन्सला ५८ मिमीचा फिल्टर लागतो, वर सांगितलेल्या ५० मिमीला (तिचं एसटीएम मॉडेल) ४९चा. दोन घेऊ नका. ५८चाच घ्या आणि ४९ ते ५८ची स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारं कडं, ती स्वस्तात मिळते.

ए-१०२ पाटील: हे माहीत नव्हतं काका. माझी काळी क्रेटा फोटोत कायम राखाडी येते, तेही याच्यामुळेच का?

सी-७०१ गोखले काका: काही अंशी. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर सगळ्याला मधला राखाडी समजतो. काळ्या गाडीला एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी करायचं, पांढरीला तेवढंच वाढवायचं. आणि भर उन्हात काढायचीच नाही. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं आकाश नुसतं उजळलेलं असतं, तेव्हा मोकळ्या जागेत गाडीच्या कडेवर एक लांब स्वच्छ रेघ उमटते. पुढचं चाक जरा वळवून ठेवा, रिम कॅमेऱ्याकडे हवी, टायरची नक्षी नको.

ए-४०५ शेख: वहिनी, मी लग्नाचं शूट करतो, सेकंडहँड घेताना काय बघायचं ते सांगतो. पहिली गोष्ट बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला हमखास लागते. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारायचा आणि पुढून बघायचं, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लेन्स टेबलावर ठेवून निघायचं, किती का स्वस्त असेना. मग लेन्सचं छिद्र बारीक करून, एफ/१६ ला, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून झूम करायचा, काळे डाग म्हणजे सेन्सरवर धूळ. ती साफ होते, पण भाव पाडायला उपयोगी. स्क्रीनची बिजागरी चार-पाच वेळा उघडून बघा. बिलावरचा नंबर आणि बॉडीखालचा नंबर जुळला पाहिजे, बिल नसेल तर मी हात लावत नाही, चोरीचा माल निघतो.

बी-३०४ देशमुख वहिनी: भाव काय धरायचा शेखभाई?

ए-४०५ शेख: २००डी किट लेन्ससकट २५-२८ हजारांत मिळायला हवा, स्थितीप्रमाणे. ५० मिमी जुनी सहा-सात हजार. फिल्टर, रिंग, साधा पण दणकट स्टँड, कार्ड मिळून पाच. ताणून बसतं चाळिसात.

ओंकार: दादा, पळत्या गाडीचा फोटो येईल का याच्यात? मागचं सगळं धूसर आणि गाडी स्पष्ट, तसा?

ए-४०५ शेख: येईल. शटर १/६० सेकंद ठेव, गाडी जाते तसा कमरेतून वळत राहा आणि वळता वळताच बटण दाब. सुरुवातीला बरेच फोटो हललेले येतील, रिक्षांवर हात बसव. पण ताम्हिणीच्या वळणावर किंवा एक्स्प्रेस-वेच्या कडेला उभं राहायचं नाही, हे आईसमोर सांगतोय.

ई-१०१ जोगळेकर काकू (सेक्रेटरी): ओंकार, आपल्या पार्किंगमध्ये काढशील तेव्हा ज्याची गाडी त्याला आधी विचार, आणि बाहेर टाकताना नंबर प्लेट झाकत जा. लहान मुलं फ्रेममध्ये नकोत.

ओंकार: हो काकू, नक्की.

बी-३०४ देशमुख वहिनी: गोखले काका, शेखभाई, मनापासून आभार. १५००डी रद्द. शेखभाई, एक विनंती, शनिवारी ओंकारबरोबर कॅमेरा बघायला जाल का? त्याचे बाबा दौऱ्यावर आहेत.

ए-४०५ शेख: जातो वहिनी, चारनंतर मोकळा आहे. ओंकार, रिकामं मेमरी कार्ड बरोबर घे. तिथे काढलेले फोटो घरी आणून मोठ्या स्क्रीनवर बघू, मगच पैसे द्यायचे. आणि पावसाळ्यासाठी हवाबंद डबा व सिलिका जेल आत्ताच घेऊन ठेव.