शब्दचर्चा : रान, फॉरेस्ट आणि वन

प्रश्न : आमच्या भुदरगड तालुक्यात ‘दादा रानात गेल्यात’ म्हटले की ते शेतावर गेले, असाच अर्थ घेतला जातो. दाट झाडीला ‘जंगल’ म्हणतात. पण ‘म्हसरं फॉरेस्टात शिरली’ या वाक्यातले ‘फॉरेस्ट’ पुष्कळदा झुडूपही नसलेला उघडा सडा, म्हणजे कातळाचे पठार, असतो. शासकीय मराठीतला ‘वन’ हा शब्द यांपैकी कशासाठी मानावा?

उत्तर : बोलीतला ‘फॉरेस्ट’ कायद्याच्या अर्थाला सर्वांत जवळचा आहे. 1927 चा भारतीय वन अधिनियम ‘गुरे’, ‘झाड’ आणि ‘वनोत्पन्न’ यांच्या व्याख्या देतो. ‘वन’ म्हणजे काय, हे मात्र तो कोठेही सांगत नाही. शासनाने अधिसूचना काढली, हद्दीवर दगडी बुरूज रचले, की आतला सडासुद्धा वन ठरतो आणि बुरुजाच्या अलीकडची मालकीतली गर्द झाडी वन ठरत नाही. गावकऱ्यांनी झाडांकडे न पाहता ताबा कोणाचा हे पाहून शब्द वापरला, हे त्यांचे व्यवहारज्ञानच होय.

हा अर्थ स्थिर राहिला नाही. महाराष्ट्रात 1975 साली खाजगी वने संपादन करण्याचा कायदा आला आणि मालकीची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओळखली जाणारी पुष्कळ जमीन ‘वन’ या सदरात गेली. त्या नोंदींवरून सातबाऱ्याचे वाद अजूनही चालतात. पुढे 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन या वृक्षतोडीविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, वनजमिनीच्या इतर वापरावर बंधन घालणाऱ्या 1980 च्या वन संवर्धन अधिनियमासाठी ‘वन’ हा शब्द शब्दकोशातल्या अर्थाने घ्यावा, मग मालकी कोणाचीही असो; शिवाय सरकारी अभिलेखात वन म्हणून नोंदलेले क्षेत्रही त्यात धरावे. 2023 च्या दुरुस्तीने ही व्याप्ती पुन्हा अधिसूचित आणि अभिलेखातील वनांपुरती आणली, तर फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच न्यायालयाने तूर्त 1996 चाच अर्थ पाळण्यास सांगितले. म्हणून जुन्या कागदाचा अर्थ लावताना त्यावरचे साल आधी पाहावे.

दुसरा प्रश्न : ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ यांत कडक कोणते? मराठी कानाला तरी ‘संरक्षित’ अधिक कडक वाटते.

उत्तर : कानाला वाटते त्याच्या उलट आहे. राखीव वनात जे स्पष्टपणे दिले आहे तेवढेच करता येते, बाकी सारे मना. संरक्षित वनात जे मना केले आहे तेवढे सोडून बाकी चालते. आपल्याकडे गवत राखतात ते आपल्याच गुरांसाठी, दिवाळीनंतर कापायला. ‘राखीव’ या शब्दात ‘कोणासाठी’ हा प्रश्न असा मुळातच असतो आणि त्याचे उत्तर धोरणागणिक बदलत गेले. 1952 च्या राष्ट्रीय वन धोरणाने बजावले होते की, एखादे गाव योगायोगाने वनाजवळ वसले म्हणून साऱ्या देशाच्या हक्काला बाध येता कामा नये. 1988 च्या धोरणाने मात्र वनांत आणि वनांजवळ राहणाऱ्यांच्या, विशेषतः आदिवासींच्या, सरपण, चारा, वनोपज या गरजांना पहिला मान दिला. 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यापुढे जाऊन हक्काचीच भाषा वापरली. तरीही त्यात मध आणि बांबू ‘गौण वनोपज’च राहिले, लाकडाच्या महसुलाला मुख्य मानणाऱ्या काळाचे हे विशेषण अद्याप कोणी काढलेले नाही.

पुरवणी : ‘अभयारण्य’ हा शब्द या चर्चेत मिसळू नये. ते वन्यजीवविषयक कायद्यातले वेगळे सदर आहे. राधानगरीचे वन राखीव असणे आणि ते अभयारण्य असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. मूळ प्रश्नापुरते सुचवायचे तर, भाषांतरात झाडी अभिप्रेत असेल तेथे ‘जंगल’, कायदेशीर दर्जा अभिप्रेत असेल तेथे ‘वनक्षेत्र’ लिहावे. ‘रान’ मात्र कोल्हापुरी वाचकासाठी लिहिताना टाळलेले बरे, नाहीतर ‘रानातील अतिक्रमण’ म्हणजे शेजाऱ्याने बांध कोरला, असेच तो समजेल.