पिनबॉल मशीन बेसमेंटमध्ये उतरवायचंय (शिकागो परिसर), सल्ला हवा

मधुरा_नेपरव्हिल: नमस्कार मंडळी. आम्ही बॅलीचं १९९३ चं 'ट्वायलाइट झोन' घेतलंय. सध्या गॅरेजमध्ये आहे, न्यायचंय बेसमेंटमध्ये. जिना अरुंद, मध्ये वळण. नवरा म्हणतो चार मित्र बोलावू आणि उचलून नेऊ. मला त्या जिन्याची धास्ती वाटतेय. कोणी घरच्या घरी हे काम केलंय का?

खटपट्या: मधुराताई, हातांवर उचलून अजिबात नेऊ नका. तुमचं मशीन वाइडबॉडी, म्हणजे नेहमीच्यापेक्षा रुंद. वजन तीनशे पौंडांच्या आसपास धरा, आणि धरायला कुठे नीट पकड नाही. वळणावर चौघांना उभं राहायलाच जागा मिळणार नाही. अप्लायन्स डॉली (फ्रिजसारख्या जड वस्तू नेण्याची दोन चाकी हातगाडी) भाड्याने आणा, पट्टा असलेली. यू-हॉल या भाड्याने सामान देणाऱ्या कंपनीकडे मिळते.

आधी मशीन हलकं आणि आटोपशीर करा. वरचा बॅकबॉक्स (मागे उभी असलेली चित्र आणि गुण दाखवणारी पेटी) मागच्या बाजूने हेक्स चावी फिरवली की पुढे आडवा होतो. आतून दोन बोल्ट लावलेले असतील तर ते आधी काढा, आणि एकाने बॅकबॉक्स धरून ठेवा. खाली जाड ब्लँकेट घाला आणि वरून पट्ट्याने आवळा.

मग मागचे पाय काढून मागची बाजू जमिनीवर टेकवा. पुढून उचलत मशीन मागच्या अंगावर उभं करा. आता पुढचे पाय अधांतरी असतात, पान्याने आरामात निघतात. डॉली पोटाकडून लावायची.

सुलभा_जोशी: खटपट्यांना अनुमोदन. पण उभं करायच्या आधी गोळे काढा! ट्वायलाइट झोनमध्ये सहा असतात: पाच स्टीलचे, एक पांढरा सिरॅमिकचा. काही खेळाच्या पाटावरच्या छोट्या गमबॉल मशीनमध्ये अडकून बसतात, त्यामुळे खालचा ट्रफ (गोळे जमा होण्याची पन्हळ) रिकामा दिसला म्हणजे झालं असं नाही. मोजून सहा हातात येईपर्यंत मशीन आडवं-उभं करू नका. सुटा गोळा आत घरंगळला तर प्लास्टिकचे भाग फोडतो, आणि जुने भाग शोधताना नाकी नऊ येतात. कॉइन डोअरच्या (पुढच्या नाणी टाकायच्या दाराच्या) आत डावीकडे टिल्टचा, म्हणजे मशीन हलवलं तर ओळखणारा, लोलक लोंबतो, तोही काढून पिशवीत ठेवा. चाव्या मात्र खिशात.

मधुरा_नेपरव्हिल: गोळ्यांचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप आभार. काच काढू की राहू दे?

सुलभा_जोशी: राहू दे, लॉकबार (काच अडकवून ठेवणारी पुढची धातूची पट्टी) घट्ट बसवून. काढलीच तर तिची कड फरशीवर किंवा काँक्रीटवर टेकवू नका. टेम्पर्ड काच सपाट भागावर मार सोसते, पण कोपरा आपटला की क्षणात चुरा.

अण्णा_ऑरोरा: जिन्यावरचं सांगतो, कारण माणूस जायबंदी होतो तो तिथेच. डॉलीचा दांडा वरच्या माणसाच्या हाती, आणि तो तुमच्यातला सर्वांत दणकट हवा. एकेक पायरी, प्रत्येक पायरीवर थांबा. खालच्या माणसाने फक्त दिशा द्यायची, वजन घ्यायचं नाही. निसटलंच तर त्याने बाजूला व्हायचं, मशीन अडवायला जायचं नाही. हे आधीच ठरवून घ्या, ऐनवेळी कोणालाही हात पुढे करावासा वाटतो. लहान मुलं त्या वेळी शेजाऱ्यांकडे.

आणि उतरवण्याआधी टेप घेऊन वळण मोजा. उभं केलेलं मशीन साधारण साडेचार फूट उंच होतं, डॉली तिरकी केली की जागा आणखी लागते. बसत नसेल तर पिनबॉल हलवणाऱ्या माणसांनाच बोलवा. नेहमीचे मूव्हर्स बॅकबॉक्स उभाच ठेवून ओढतात, बिजागऱ्या निखळतात. आपल्या भागात माहीतगार माणसं मिळतील. बॅली, विल्यम्स, गॉटलीब या पिनबॉल बनवणाऱ्या कंपन्या इथल्याच होत्या.

तुमच्या बेसमेंटला मागून बाहेरचा दरवाजा आहे का? असेल तर जिना विसरा. हिरवळीवर प्लायवूड अंथरा आणि घराला वळसा घालून न्या.

मधुरा_नेपरव्हिल: मागून दरवाजा नाही, अण्णा. वळण आत्ताच मोजलं, जेमतेम बसतंय. शनिवारी डॉली आणतोय, खाली कोण उभं राहणार तेही ठरवलं.

खटपट्या: जेमतेम असेल तर तिथला कठडा तेवढा काढून ठेवा, थोडे स्क्रू असतात. थंडीत गॅरेजमधून आत आणल्यावर लगेच चालू करू नका, रात्रभर घराच्या तापमानाला येऊ द्या. आणि बॅकबॉक्समधल्या बोर्डावरचे तीन एए सेल बघा. जुने असतील तर गळून बोर्ड खातात.

सुलभा_जोशी: पाय लावल्यावर खेळाच्या पाटाला पुढच्या बाजूला साडेसहा अंशांचा उतार जमवा. पायांखाली फेल्टच्या चकत्या घातल्या तर नंतर मशीन भिंतीपासून सरकवायला एकटीही पुरेल.