वेठ, बिगार आणि बिगारी

बांधकामावरचा बिगारी आज रोजंदारी घेतो. गवंड्याच्या हाताखाली माल कालवायचा, घमेली वाहायची, विटा पुरवायच्या. हजेरी भरली की हिशेब. पण त्याच्या नावातली 'बिगार' म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेलं काम. शब्द फारसी 'बेगार'वरून आलेला. मजुरी सुरू झाली, तरी नाव तेच चिकटून राहिलं.

त्याच अर्थाचा आपला जुना शब्द 'वेठ', संस्कृत 'विष्टि'पासून झालेला. विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांच्या ताम्रपटांत दान दिलेलं गाव सर्व प्रकारच्या विष्टीतून मोकळं केल्याचा उल्लेख येतो. म्हणजे बाकीच्या गावांना ती चुकत नव्हती! पुढे 'बाजारहाट'सारखी दोन भाषांतल्या एकाच अर्थाच्या शब्दांची जोडी जमून 'वेठबिगार' तयार झाला. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात त्याचा रोख कर्जापोटी बांधल्या गेलेल्या मजुरावर आहे. हा अर्थ नुसत्या 'वेठी'पेक्षा वेगळा, तेव्हा जुन्या कागदांतली वेठ वाचताना तो तिच्यावर लादू नये.

वेठीला नेहमी कर्जच लागायचं असं नाही, जन्मही पुरायचा. वतनाच्या, म्हणजे पिढीजात चालणाऱ्या गावकामाच्या नावाखाली महारांकडून सरकारची आणि गावाची कामं वेळीअवेळी करून घेतली जात आणि हाती पडे ते नाममात्र. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते यासाठीच.

'वेठ मारणे' म्हणजे काम कसंबसं उरकणे. आपण तो कामचुकारपणा समजतो, पण फुकट राबवलेला माणूस जीव ओतून काम का करील? या वाक्प्रचारात मला तरी राबणाऱ्याचा नकार ऐकू येतो.

आता आजचा वापर. संप झाला की बातमी ठरलेली: 'कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले'. वेठीला धरायचे ते सत्ताधारी, आणि धरली जायची ती राबणारी माणसं. इथे थकलेला पगार मागणाराच धरणारा ठरतो. अर्थ बदलतात, हे मान्य, 'बिगारी'चाही बदलला. तरी हा बदल मला खुपतो, कारण ज्यांच्या अंगावर वेठ पडली त्यांच्याच विरुद्ध तो शब्द वापरला जातो. प्रवाशांचे हाल होतात हे खरंच आहे. मग 'प्रवाशांचे हाल' लिहावं, फार तर 'अडवणूक' म्हणावं.